इकारसला भाऊ होता का? सातवीच्या इंग्रजी वर्गातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा मुंबईच्या जुन्या गिरणगावातली, मराठी माध्यमाची, अनुदानित. पाचवीपासून सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. सातवीच्या माझ्या वर्गात 38 मुलं. काही चाळीतली, काही चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीतली, दोघं-तिघं टॉवरच्या वॉचमनची. तासिका 35 मिनिटांची. त्यातली पाच हजेरीत आणि पंख्याखालचा बाक कोणाचा, या भांडणात जातात. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे कागदोपत्री ही मुलं सातवं वर्ष इंग्रजी शिकत होती. मुलांची आणि शाळेची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत, घटनांचा क्रम जसा होता तसाच ठेवला आहे.

पुस्तकातले धडे मुलं कंटाळून वाचतात हा माझा जुना अनुभव. म्हणून जूनमध्येच ठरवलं की यंदा दर शुक्रवारी ग्रीक-रोमन पुराणकथा घ्यायच्या. हात लावेल ते सोनं करणारा मायडस राजा, पर्सिफनी आणि डाळिंबाचे दाणे, विणण्याच्या पैजेत देवीशी भिडलेली आणि शेवटी कोळी होऊन बसलेली अरॅक्नी. मी प्रत्येक कथेचा दीडशे-पावणेदोनशे शब्दांचा सोपा इंग्रजी उतारा स्वतः लिहायचे. तासाची रीत ठरलेली: आधी कथा मराठीत, हातवाऱ्यांसकट, मग उताऱ्याची झेरॉक्स, मग पाच प्रश्न.

वर्ग रंगायचा. अरॅक्नीच्या उताऱ्यात ‘लूम’ हा शब्द आला. एक मुलगा तो घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सांगत आला, “बाई, आजोबा म्हणाले लूम म्हणजे साचा. ते साचेखात्यात होते.” मग अर्धा तास साचे, धोटा, पाळी यांवरच गेला आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात उताऱ्यावर दहा गुणांची छोटी चाचणी घेतली, आकारिक मूल्यमापनात धरायची म्हणून. बहुतेकांना आठच्या वर. मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर कौतुक केलं. मीही ते ठेवून घेतलं.

काय घडलं

त्यानंतरच्या शुक्रवारसाठी डीडलस हा कारागीर आणि त्याचा मुलगा इकारस, मेणाने जोडलेले पंख लावून उडालेल्या या बाप-लेकाची कथा होती. तिची नांदी म्हणून मी आदल्या तासाला मुलांना संपातीची गोष्ट सांगितली होती. वाल्मीकि रामायणाच्या किष्किंधाकांडात सीतेला शोधत फिरणाऱ्या वानरांना समुद्रकाठी म्हातारा, पंख जळालेला संपाती भेटतो. तरुणपणी तो आणि धाकटा भाऊ जटायू सूर्याकडे झेपावले होते. जटायूला ताप सोसेना, तेव्हा संपातीने त्याच्यावर आपले पंख धरले. जटायू वाचला, संपातीचे पंख करपले आणि तो विंध्य पर्वतावर कोसळला. “पुढच्या शुक्रवारी अशीच एक गोष्ट, पण वेगळी,” एवढं सांगून मी तास संपवला.

शुक्रवारी पाऊस असा लागला की कुर्ला-सायनच्या मध्ये रुळांवर पाणी आलं आणि मी ठाण्याच्या पुढे सरकलेच नाही. मुलं शाळेच्या आसपासचीच, त्यामुळे 31 जण हजर. बदली तासाला आलेल्या सरांना मी फोनवर सांगितलं, “कपाटात झेरॉक्स आहेत, वाटून टाका, प्रश्न सोडवून घ्या.” कथा सांगणारं कोणीच नव्हतं. उताऱ्याच्या डोक्यावर मी हौसेने एक चित्र दिलं होतं: पंख लावलेला मुलगा आणि वर सूर्य.

सोमवारी कागद तपासायला घेतले. तिसरा प्रश्न असा होता की इकारस समुद्रात का पडला. उत्तर उताऱ्यात सरळ दिलेलं: वडिलांनी बजावलं होतं, मधून उड, फार खाली गेलास तर समुद्राच्या पाण्याने पंख जड होतील आणि फार वर गेलास तर उन्हाने मेण वितळेल. पोरगा उडण्याच्या आनंदात वर गेला, मेण वितळलं. एवढंच.

31 पैकी 19 जणांनी लिहिलं होतं की इकारसने भावाला उन्हापासून वाचवलं म्हणून त्याचे पंख जळले. एकीने शेवटी सीतेचा पत्ता लागल्याचंही लिहून टाकलं होतं.

आधी हसू आलं. मग जुलैच्या चाचणीचे कागद पुन्हा काढले आणि हसू गेलं. कारण त्यातल्या एकेका उत्तरात माझीच वाक्यं होती. मायडसच्या उताऱ्यात मी त्याच्या मुलीचा उल्लेखही केला नव्हता. मराठीत सांगताना मात्र मुलीला हात लावताच ती सोन्याची होते हे मी रंगवून सांगितलं होतं, आणि बाराजणांनी उत्तरात तीच मुलगी लिहिली होती. मी त्यांना पूर्ण गुणही दिले होते! मुलं माझं ऐकून लिहीत होती, आणि कागदावरचा उतारा असून नसून सारखाच होता.

नेमकं दुखणं कुठे, याचा शोध

पहिला विचार आला तो असा की मुलांना इंग्रजी येत नाही. हे निदान आमच्याकडे इतकं सोयीचं असतं की पुढे कोणी काही विचारत नाही. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या दोन आठवड्यांत मी मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर एकेका मुलाला जवळ बसवलं. अनोळखी छोटा उतारा, एक मिनिट मोठ्याने वाचायचा, मग पान उलटं ठेवून काय वाचलं ते मराठीत सांगायचं. मराठीत, कारण मला त्यांचं इंग्रजी बोलणं तपासायचं नव्हतं.

गफ आणि टनमर या दोघांनी 1986 साली मांडलेला एक साधा हिशेब बी.एड.च्या दिवसांपासून माझ्या डोक्यात आहे. वाचून समजणं म्हणजे अक्षरांतून शब्द उकलता येणं गुणिले ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. तो हिशेब इथे डोळ्यांसमोर मांडलेला दिसला. 38 पैकी नऊजण शब्दांतच अडकत होते. सतराजण सरळ, न अडखळता वाचत होते, पण पान उलटं ठेवलं की गप्प. बाराजणांना वाचताही येत होतं आणि सांगताही.

मला धक्का दिला तो सतराजणांच्या गटाने. वर्गातली सगळ्यात सफाईदार वाचणारी मुलगी त्यात होती. वार्षिक संमेलनात इंग्रजी निवेदन तीच करते. तिने मिनिटभर एकही शब्द न चुकता वाचलं, मग छताकडे पाहत राहिली. मी म्हटलं, “अगं, थोडं तरी सांग.” ती म्हणाली, “बाई, मी मोठ्याने वाचते ना, तेव्हा मला ऐकू येत नाही.” इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या प्रशिक्षणातही ऐकलेलं नाही.

दुसरीकडे तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा. मिनिटभरात जेमतेम तीन ओळी, प्रत्येक शब्दाला ठेच. पण त्या तीन ओळींत काय होतं ते त्याने व्यवस्थित सांगितलं, वर विचारलं, “पण बाई, तो राजा त्याला जाऊ का देत नव्हता?” प्रश्न उताऱ्याच्या पुढच्या परिच्छेदाचा होता, जिथवर तो पोचलाच नव्हता. हा मुलगा माझ्या वहीत ‘कच्चा’ म्हणून नोंदलेला आणि ती मुलगी ‘उत्तम’ म्हणून. दोन्ही नोंदी माझ्याच अक्षरात.

समोर असलेले पर्याय

मोठ्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: पुराणकथा बंद करा, पुस्तक धरा, सत्र परीक्षा ऑक्टोबरमध्ये आहे. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण पुस्तकातले धडेही आम्ही आधी मराठीत समजावूनच सांगतो. म्हणजे रोग तोच राहिला असता, फक्त चव गेली असती.

दुसरा पर्याय माझ्याच मनातला, जरा रागातला: यापुढे तासाला मराठीचा एक शब्द नाही. तो मी एक तास करूनही पाहिला. अडखळणारे नऊजण तर गेलेच, शिवाय बोलकी मुलंही गप्प झाली. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून विचारून गेल्या, “आज कोणी आलंय का तपासणीला?”

तिसरा पर्याय होता नऊजणांना वेगळं बसवून अक्षर-ध्वनीपासून सुरुवात करायची. हे गरजेचं होतंच, पण त्याने सतराजणांचं काही होणार नव्हतं. कोणीतरी घारापुरीची सहलही सुचवली, रावण कैलास हलवतोय ते शिल्प दाखवायला. कल्पना छान, पण पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही आणि वाचनाशी तिचा संबंध मला जोडता येईना.

शेवटी जो निर्णय घेतला तो इकारसच्या चुकीनेच सुचवला होता. 19 मुलांनी ओळखीची गोष्ट अनोळखी उताऱ्यावर चिकटवली. तेव्हा ओळखीच्या आणि अनोळखीच्या मध्ये जिथे फट आहे, नेमका तिथेच प्रश्न विचारायचा. संपाती आणि इकारस दोघेही सूर्याजवळ गेले, दोघांचे पंख गेले. फरक कुठे? त्याचं उत्तर ना माझ्या सांगण्यात मिळेल, ना आजीच्या. ते कागदावरच शोधावं लागेल.

काय केलं

कथा मराठीत सांगणं मी सोडलं नाही, अर्धं केलं. ऐन रंगात थांबायचं. ग्रीक वीर थीसिअस भूलभुलैयात शिरला, हातात दोऱ्याचा गुंडा, समोर अंधार, आणि पुढचं कागदावर. पहिल्या वेळी वर्गात अक्षरशः ओरड झाली, “बाई, सांगा ना!” मी खुर्चीवर बसून राहिले. हे वाटतं त्याहून अवघड आहे. गोष्ट सांगणाऱ्याला गोष्ट अर्ध्यावर सोडवत नाही.

दुसरा नियम ‘ओळ दाखव’. कुठलंही उत्तर दिलं की बोट उताऱ्याच्या ओळीवर ठेवायचं. ओळ नसेल तर “हे मला वाटतं” असं म्हणायचं, तेही चालेल, पण दोन्हींची गल्लत नको. दोन आठवड्यांत मुलंच एकमेकांवर “ओळ दाखव, ओळ दाखव” करू लागली, आणि एकदा तर माझ्यावरही. मी पर्सिफनीबद्दल काहीतरी बोलून गेले होते आणि ते उताऱ्यात खरंच नव्हतं.

नऊजणांसाठी शाळा भरण्याआधीची पंधरा मिनिटं. तिथे एक गंमत हाती लागली. ‘इको’ हा शब्द सगळे ‘एचो’ वाचत होते. सी-एच म्हणजे च, हे पक्कं बसलेलं. मी विचारलं, “शाळेसमोरच्या औषधाच्या दुकानावर काय लिहिलंय?” “केमिस्ट.” “त्याचं स्पेलिंग बघून या.” दोघं धावत रस्त्यापर्यंत जाऊन आले आणि धापा टाकत म्हणाले, “बाई, तिथेपण सी-एच!” ग्रीकमधून लॅटिनमार्गे इंग्रजीत आलेल्या शब्दांत सी-एचचा उच्चार बहुधा क होतो, हे मग सांगायला एक मिनिट पुरलं. आठवडाभरात त्यांनी भिंतीवर यादी लावली: स्कूल, मेकॅनिक, स्टमक, कोरस, कॅरेक्टर. तशीच पी-एचची फोन आणि फोटोपासून. एरवी स्पेलिंगच्या नावाने रडणारी मुलं गॅरेजच्या पाट्या वाचत शाळेला येऊ लागली.

सफाईदार वाचणाऱ्या सतराजणांना उलट सांगितलं: हळू वाचा. दर तीन ओळींनी थांबायचं, मनात काय चित्र आलं ते शेजाऱ्याला मराठीत सांगायचं, आणि पुढे काय होईल त्याचा अंदाज करायचा. पॅलिंकसार आणि ब्राउन यांनी 1984 मध्ये मांडलेल्या पद्धतीत चार कामं आहेत: अंदाज बांधणं, प्रश्न विचारणं, अडलेलं उलगडणं, सारांश सांगणं. पहिली तीन जमू लागली. सारांश काही केल्या जमेना. मुलं एकतर अख्खी गोष्ट सांगत, नाहीतर “एक मुलगा होता आणि तो पडला.” सारांशाचा तिढा सुटला तो एका तक्रारीमुळे.

मधेच आलेली तक्रार

संपाती आणि इकारसची तुलना मी फळ्यावर दोन रकान्यांत मांडली होती, वर ठळक अक्षरांत ‘टू मिथ्स’. तो नागपंचमीचा आठवडा. विज्ञान मंडळाने जिन्याजवळ सापांबद्दल पोस्टर लावलं होतं: ‘मिथ्स अँड फॅक्ट्स’. डाव्या बाजूला साप दूध पितो, पुंगीवर डोलतो, वगैरे, आणि प्रत्येकावर लाल फुली.

दोन दिवसांनी एक पालक मोठ्या बाईंच्या खोलीत. आवाज चढलेला नव्हता, पण चेहरा ताठ. “बाई, पोरगा घरी येऊन सांगतो, रामायण मिथ आहे, म्हणजे खोटं आहे, असं टीचरनी शिकवलं. आमच्या आईला हे ऐकून किती वाईट वाटलं असेल?”

मी पहिल्या दोन मिनिटांत चुकलेच. शब्दाचा मूळ अर्थ, अभ्यासकांच्या व्याख्या, मी असं म्हटलंच नाही वगैरे सुरू केलं. ते ऐकून घेत होते, पण पटत काहीच नव्हतं. मोठ्या बाईंनी मला थांबवलं आणि मुलालाच बोलवा म्हणाल्या. तो आला. तुला हा अर्थ कुठे मिळाला, असं विचारल्यावर त्याने सरळ जिन्याकडे बोट दाखवलं. “तिथे लिहिलंय ना. मिथवर फुली आहे.”

तेव्हा कळलं की पोराने तेच केलं होतं जे मी शिकवत होते. अनोळखी शब्द दिसला, त्याने संदर्भावरून अर्थ काढला, आणि वर ओळही दाखवली. संदर्भ दुसऱ्याच भिंतीवरचा होता, एवढंच. मी वडिलांना म्हटलं, “चूक त्याची नाही, माझी. एका शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि मी एकही सांगितला नाही.” ते जरा सैलावले. त्यांच्या आईने घरी काय म्हटलं ते मी विचारलं तेव्हा कळलं की आजी श्रावणात दर वारी कहाणी वाचतात, इमारतीतल्या बायका ऐकायला येतात. मी तिथल्या तिथे आमंत्रण दिलं.

वर्गात मी मराठीपासून सुरुवात केली. पान म्हणजे काय? झाडाचं, वहीचं, विड्याचं. कुठलं ते आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं. मग मिथ: पोस्टरवर गैरसमज या अर्थी, आमच्या फळ्यावर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या देवादिकांच्या, वीरांच्या कथा या अर्थी. मुलांना हे पाच मिनिटांत समजलं. तरी फळ्यावरचं शीर्षक मी बदललंच. ‘कहाणी’ केलं. हे माघार घेणं झालं का? सहकाऱ्यांपैकी एकदोघांना तसं वाटलं. मला नाही वाटत. शब्द तेरा वर्षांच्या मुलाने घरी न्यायचा असतो, आणि तिथे तो कसा उतरेल हे पाहणं माझं काम होतं.

पुढच्या शुक्रवारी आजी आल्या. नऊवारी, हातात जुनं पोथीवजा पुस्तक, पण त्यात न बघताच सुरू झाल्या. “ऐका, शुक्रवारा, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं...” पोरं चिडीचूप. शेवटी त्यांनी हात जोडले: “ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.”

तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाने हात वर केला. “आजी, साठा उत्तरांची म्हणजे?”

आजी म्हणाल्या, “म्हणजे लांबण लावायची नाही, बाळा. साठात सांगायचं ते पाचात सांगायचं.”

मी मागच्या बाकावर बसले होते, तिथेच वहीत लिहून घेतलं. सारांश शिकवायला मी इंग्रजी साहित्यातून तक्ते, चौकटी, बाण काय काय आणलं होतं, आणि ते वाक्य लहानपणापासून माझ्या कानावर होतं! त्या दिवसापासून वर्गात सारांशाला ‘पाच उत्तरी’ म्हणतात. पाच वाक्यं, चार नाहीत आणि सहा नाहीत. कोण, काय हवं होतं, आडवं काय आलं, काय केलं, शेवटी काय झालं, हे मुलांनी आपणच बसवलं. आधी मराठीत, मग त्याच पाच वाक्यांचं इंग्रजी. सीतेचा पत्ता लावणाऱ्या मुलीने इकारसची पाच उत्तरी पुन्हा लिहिली तेव्हा चौथं वाक्य होतं की तो उतला, मातला आणि वर गेला. आजींच्या कहाणीतला ‘उतू नको, मातू नको’ तिने तिथे आणून बसवला होता. याचं इंग्रजी कसं करायचं यावर मात्र आमचा सगळा तास गेला, आणि जे झालं त्यावर कोणीच खूश नव्हतं.

निकाल

ऑक्टोबरच्या सत्र परीक्षेत मी अपठित उतारा दिला. इकारसचाच पुढचा भाग, जो सहसा कोणी सांगत नाही. ओव्हिड या रोमन कवीने इसवी सन 8 च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या आठव्या भागात तो आहे. डीडलस मुलाला पुरत असताना एक तितर पंख फडफडवत आनंदाने ओरडतो. मग कवी मागे जातो. डीडलसकडे त्याचा भाचा शिकायला होता, अतिशय हुशार. माशाच्या पाठीचा काटा पाहून त्याने लोखंडाला तसे दाते पाडले आणि करवत बनवली. मामाला मत्सर वाटला. त्याने भाच्याला उंचावरून ढकलून दिलं आणि तो चुकून पडला असं सांगितलं. देवीने मुलाला पडता पडताच पक्षी केलं. तो पक्षी अजूनही उंच उडत नाही, जमिनीलगत राहतो.

सातवीला हे द्यावं का, यावर माझं मन दोनदा मागेपुढे झालं. पण आमची कुठलीही पुराणकथा काढली तरी तिच्यात एवढं असतंच. उताऱ्यात मी तितर म्हणजेच भाचा असं थेट लिहिलं नव्हतं. तितराला आनंद का झाला, हा शेवटचा प्रश्न, तीन गुणांचा. उत्तराला दोन परिच्छेदांतल्या दोन ओळी जोडाव्या लागत होत्या.

गुण उतरले. जुलैमध्ये आठच्या वर बहुतेक सगळे होते, आता फक्त 14 जण. निकालाच्या दिवशी तीन आया एकत्र आल्या, “बाई, पहिल्यांदा तर नऊ होते हो!” त्यांना जुलैचे गुण फुगलेले होते हे सांगताना मला फार लाज वाटली, कारण ते फुगवले मीच होते. पण तितराचा प्रश्न 22 जणांनी बरोबर सोडवला, आणि 19 जणांनी उत्तराखाली ओळींचे क्रमांकही लिहिले, जे मी मागितले नव्हते. एकाने समासात काट्याचं चित्र काढून शेजारी मराठीत लिहिलं होतं, ‘बांगड्याचा मधला’.

परीक्षेनंतर एक मिनिटाचं वाचन पुन्हा घेतलं. शब्दांत अडकणारे नऊचे पाच झाले. न समजता वाचणारे सतराचे आठ. वाचून सांगणारे बाराचे पंचवीस. याला कोणी संशोधन म्हणू नये. एक वर्ग, एक शिक्षिका, उतारेही तिचेच, तपासणारीही तीच. अडकलेल्या पाचांपैकी तिघांची प्रगती जवळजवळ शून्य आहे. त्यातल्या एकाला फळा नीट दिसतच नव्हता हे नोव्हेंबरमध्ये चष्मा लागल्यावर कळलं. म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटं मी त्याला सी-एच शिकवत होते ते कशावर, कोण जाणे.

सफाईदार वाचणारी मुलगी अजूनही मोठ्याने वाचताना हरवते. मनात वाचलं की सांगू शकते. संमेलनाच्या निवेदनाला यंदा तिने स्वतःहून नाही म्हटलं आणि मागे राहून प्रॉम्प्टिंग केलं. ते चांगलं झालं की वाईट, माझं अजून ठरत नाही.

आज करायचं झालं तर

एक मिनिटाचं वाचन मी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात घेईन. 38 मुलांना रोज चार-चार करून दहा दिवस लागतात, आणि मी ते केलं नाही कारण वर्ग रंगत होता. रंगलेल्या वर्गाला तपासावंसं वाटत नाही, मोठ्या बाईंनाही नाही आणि मलाही नाही. सोबत डोळ्यांची तपासणीही तेव्हाच.

पुराणकथा सुरू करण्याआधी पालकांना एक चिठ्ठी द्यायला हवी होती, मराठीत, चार ओळींची: कुठल्या कथा, कशासाठी. ती गेली असती तर तक्रार आली नसती. अर्थात मग आजीही आल्या नसत्या.

ग्रीक नावांचं ओझं मी फार टाकलं. एका उताऱ्यात चार नवी नावं म्हणजे अडखळणाऱ्या मुलाला चार खड्डे. आता एका उताऱ्यात दोन, आणि ती आधी फळ्यावर, उच्चारासकट. जुलैच्या चाचणीत मी माझ्याच कथनावर गुण दिले, त्यावर उपाय म्हणून आता प्रश्न काढले की ते शेजारच्या वर्गातल्या बाईंना देते. त्या उतारा न वाचता, फक्त मराठी कथा ऐकून, उत्तरं लिहितात. त्यांना जे प्रश्न सुटतात ते मी काढून टाकते. मागच्या आठवड्यात त्यांनी पाचपैकी चार सोडवले आणि फार खूश झाल्या.

आणि चित्र आता उताऱ्याच्या शेवटी, घडी घालून, आत.